डब्लोचा निळा खोका टाकायचा की ठेवायचा?

पहिलं म्हणजे तो खोका टाकू नको. तू विचारलंयस की आजोबांच्या भावाने बोटीवर असताना आणलेलं हॉर्नबी डब्लोचं, म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन माळ्यावर सापडलं, निळ्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणाचे दोन कोपरे फाटलेत, मग तो टाकून इंजिन हल्लीच्यासारख्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये घालू का, आणि जुनं पॅकिंग नि आत्ताचं एवढं वेगळं कसं. माझ्याकडे एवढे खोके साठलेत की बायको म्हणते गाड्या कमी नि खोकेच जास्त, तेव्हा जरा लांबणार. आणि मी डबा म्हटलं की रुळावरचा डबा, पॅकिंगला खोकाच म्हणणार, नायतर गोंधळ.

खोका हातात आला की मी आधी बघतो हा बनवलाय कोणासाठी. डब्लो आली १९३८ ला, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची, आणि तो खोका सरळ सरळ दुकानदारासाठी होता. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे शेल्फवर रचलेला, म्हणून लेबल खोक्याच्या टोकाला. दुकानदार लेबल वाचून खोका ओढणार, झाकण उचलून तुमच्यासमोर ठेवणार. खिडकी बिडकी काय गरजच नाही. इंजिन पण ओतीव धातूचं, हातात घेतलंस तर कळलंच असेल वजन, बाहेर आलेले नाजूक पार्ट फारसे नाहीत, त्यामुळे पुठ्ठा पुरायचा. सेटच्या मोठ्या खोक्यात पुठ्ठ्याचीच ट्रे, त्यात इंजिन, डबे, रूळ यांच्या जागा कापलेल्या. भिंग घेऊन तुझ्या खोक्याच्या कडा बघ, बऱ्याच खोक्यांवर बारीक अक्षरात छपाईचा कोड असतो, त्यात महिना-साल. पण ते खोका छापल्याचं साल हं, इंजिनाचं नव्हे, त्यावरून कोणी इंजिनाचं वय सांगायला लागला तर ऐकून घे नि सोडून दे.

पुढे निळा जाऊन लाल आला, १९६४ ला मेकॅनो प्रतिस्पर्धी ट्राय-अँगच्या मालकांकडे गेली, १९६५ पासून खोक्यावर ट्राय-अँग हॉर्नबी नि १९७२ पासून हॉर्नबी रेल्वेज. नावं बदलली ते सोड, खरा बदल दुकानात झाला. गिऱ्हाईक स्वतः शेल्फवरून माल उचलायला लागलं, मग खोक्याला पारदर्शक खिडकी, आत इंजिनाच्या आकाराचा खड्डा असलेली थर्माकोलची ट्रे, बाहेर मोठा रंगीत फोटो. म्हणजे दुकानदाराचं बोलायचं काम आता खोका करायला लागला. दिसायला झकास, पण खिडकीतून ऊन आत येतं नि डब्याची एकच बाजू फिकी पडते, माझ्याकडे असे दोन आहेत, डावीकडून लाल नि उजवीकडून गुलाबी.

माझा पहिला सेट असाच खिडकीवाला, चुलतभावाने इंग्लंडातल्या स्विंडनहून आणलेला. आपले अर्धे गोंयकार तिथे हे तुला माहीतच असेल, पण स्विंडन हे मुळात रेल्वेचंच गाव, ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ पासून १९८६ पर्यंत चालला, त्याला बिचाऱ्याला ते माहीत पण नव्हतं, तो आपला ड्युटी नि घर. तर त्या सेटच्या कंट्रोलरची वायर मी नीट गुंडाळून थर्माकोलच्या ट्रेवर ठेवली नि झाकण लावलं. दोन वर्षांनी काढायला गेलो तर वायर येईना. थर्माकोलमध्ये स्वतःची नाली करून बसलेली, वर चिकट, आणि ओढली तसे पांढरे दाणे सोबत आले. वायरवरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं नि थर्माकोल विरघळवतं. म्हणून वायर नेहमी वेगळ्या कागदी पाकिटात.

तिसरा बदल नव्वदीतला. उत्पादन चीनला गेलं आणि मॉडेलवर बारीक बारीक पार्ट आले, केसाएवढ्या तारेचे कठडे, ब्रेकचे पाइप, शिड्या. आता खोका ना दुकानदारासाठी ना गिऱ्हाइकासाठी, तो कंटेनर नि कुरिअरसाठी. म्हणून इंजिनावर घट्ट बसणारं दोन भागांचं पारदर्शक प्लास्टिक, कधी इंजिन खालून स्क्रूने पट्टीला आवळलेलं, आत बारीक पार्टची छोटी पिशवी. बाहेरून मात्र खोके सगळे सारखेच, नंबर वाचल्याशिवाय आत काय ते कळत नाही, म्हणजे फिरून पुन्हा टोकाच्या लेबलावर आलो की नाही! जपानी काटो कंपनीचं मला आवडतं, त्यांचे एन स्केलचे (अगदी छोट्या मापाचे) सेट पुस्तकासारख्या केसमध्ये येतात, कपाटात उभे लावायचे, कणा वाचायचा, उघडलं की डबे ओळीने फोममध्ये. जागा कमी असलेल्या घरांसाठी केलेलं डिझाइन, माझ्या मते सगळ्यात हुशार.

पण यातलं एक पण पॅकिंग आपल्या गोव्याच्या पावसासाठी केलेलं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फोंड्यात तर जूनपासून चतुर्थीपर्यंत चामड्याच्या चपलेला पण बुरशी येते. एका वर्षी, मेकरचं नाव सांगत नाही, मी पाऊस संपल्यावर इंजिनाचा खोका उघडला तर आतल्या काळ्या फोमचा गूळ झालेला. अक्षरशः काकवी मरे, आणि ती छपरावर नि कठड्यांत गच्च बसलेली. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत हळूहळू कुजतो, आधी चिकट होतो मग भुगा. साबणाच्या कोमट पाण्यात इअरबड बुडवून तीन रविवार काढले, थिनर लावला असता तर रंगच गेला असता. मेणचट लागणारा पांढरा फोम असेल तर तो बहुतेक पॉलिइथिलीनचा, तो टिकतो.

आणि डांबराच्या गोळ्या! आईने प्रेमाने कपाटात टाकल्या होत्या, एक घरंगळून थर्माकोलवर बसली नि तिथे वाटीएवढा खड्डा. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनच, नुसत्या वासाने पण ते मऊ पडतं, नि बऱ्याच मॉडेलांची बॉडी त्याचीच असते. माळ्यावर गोळ्या असतील तर आज काढ. तुझं इंजिन धातूचं आहे, पण पुढेमागे प्लास्टिकचं घेशीलच.

आता तुझ्या निळ्या खोक्याचं. पारदर्शक पॅकिंग विसर, ते त्या त्या मॉडेलच्या मापाचं असतं, तुझं त्यात बसणार पण नाही, नि बंद प्लास्टिकमध्ये ओल अडकते. दुसरीकडे जुना पुठ्ठा ओल शोषून धरून ठेवतो नि चाकं, आसं गंजतात. म्हणून मी पावसाळ्यात दोघांना वेगळं करतो. इंजिन साध्या पांढऱ्या टिश्यू कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात (बघ, मीच डबा म्हटलं), सोबत ओल शोषून रंग बदलणारी सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर गरम न करता ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवायची. खोका कपाटात वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब. खळ लावून चिकटवू नको, कसर खळीवरच येते. दिवाळीनंतर दोघांचं परत लग्न लावायचं.

आणि नवा छापलेला खोका मिळतो म्हणून घेऊ नको. जुन्या खोक्यांच्या हुबेहूब नकला विकायला असतात, दिसतात पण छान, पण जाणकार फाटक्या असलीचे जास्त पैसे देतो. लायोनेल या अमेरिकन खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीच्या केशरी-निळ्या खोक्यांचं तर नुसत्या रिकाम्या खोक्याला वेगळं गिऱ्हाईक असतं.

फोटोत एका कोपऱ्यावर पिवळा पडलेला सेलोटेप दिसतोय, तो आत्ता ओढू नको, ओल्या पुठ्ठ्याचा निळा थर त्याच्यासोबत येईल. ऑक्टोबरात कोरडी हवा आली की फोंड्याला घेऊन ये, हेअर ड्रायरने हळूहळू सोडवून बघू. तोपर्यंत टोकाच्या लेबलाचा एक जवळून फोटो टाक.