पाऊस थांबायची वाट बघू नकोस, खिडकी उघड

प्रिय मुली,

रात्री पावणेदोनचा तुझा मेसेज सकाळी वाचला. लेकीचा खोकला हटत नाही, कपाटामागे काळे ठिपके आलेत, नवरा म्हणतो हवेतली ओल शोषणारं यंत्र, डिह्युमिडिफायर, घेऊ, आणि तू विचारतेस, ‘काकू, परत जावं का?’ ते तुमचं तुम्ही ठरवा. लेकीला आजच डॉक्टरांकडे ने. आणि त्याआधी उठून खिडकी उघड.

बाहेर पाऊस आहे, हे मला सांगू नकोस. गॉलवेत राहतेस तू. आयर्लंडच्या पश्चिमेकडे काही भागांत वर्षाचे 225 दिवस पाऊस असतो, आणि जी भुरभुर बघून तू पडदे ओढतेस तिला इथली माणसं कौतुकाने ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. तो थांबल्यावर उघडेन म्हणशील तर उघडलीस!

मलाही वाटायचं, बाहेर एवढी ओल, खिडकी उघडली की सगळी आत येणार. नेमकं उलटं आहे. गार हवेत पाणी मावतच नाही. 8 अंशांची हवा पावसाने कितीही चिंब असली तरी तिच्यात घनमीटरला 8 ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. तुझ्या 20 अंशांच्या खोलीत 17 ग्रॅम मावते. म्हणजे तीच चिंब हवा आत येऊन तापली की तिच्यात आणखी तेवढीच वाफ घ्यायला जागा होते. तुझ्या घरातली ओल आभाळातली नाही गं. ती कुकरची आहे, अंघोळीची आहे, बंद खोलीत रात्रभर झोपलेल्या तिघांच्या श्वासाची आहे. रेडिएटरवर टाकतेस ना कपडे? मशीनच्या एका खेपेत लिटर-दोन लिटर पाणी असतं. ते कुठे जातं असं वाटतं तुला? सगळ्यांत गार भिंत शोधतं आणि कपाटामागे जाऊन बसतं.

आम्ही 2010 च्या ऑक्टोबरात आलो. भाड्याच्या घरात, मुलाच्या पलंगावरच्या भिंतीत हवेची जाळी होती. वारा सुटला की ती शीळ घालायची. मी वर्तमानपत्राचा बोळा कोंबला, वरून तपकिरी टेप लावली आणि स्वतःवर खूश झाले. एप्रिलमध्ये पलंग हलवला, तर मागचा वॉलपेपर बोट लागताच भाजलेल्या कातडीसारखा सुटून हातात आला. खाली सगळं काळं. तोवर मुलाला श्वासाचा पंप लागला होता. बुरशीमुळेच लागला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण ती टेप मी लावली होती.

का लावली? हीटिंगचं तेल महाग, पगार एक, आणि दिवसभर त्या घरात थंडीने काकडणारी मी एकटी. इथे राहायच्या परवान्याच्या माझ्या कार्डावर स्टॅम्प 3 होता: नवऱ्याबरोबर राहा, काम करायचं नाही. करायचंच तर वेगळं परमिट, आणि त्यासाठी नोकरी देणाऱ्याने थांबायचं. कोण थांबतं? लोक अजून विचारतात, सहा वर्षं घरीच बसलात? बसले नव्हते मी, बसवलं होतं. 2019 च्या मार्चमध्ये नियम बदलला, ‘क्रिटिकल स्किल्स’ परमिटवर कामाला आलेल्यांच्या जोडीदारांना स्टॅम्प 1जी मिळू लागला, म्हणजे वेगळ्या परमिटशिवाय काम करायची मुभा. तोवर मला आयरिश पासपोर्ट मिळालेला होता. माझ्या काय कामाचा?

तुझ्या कार्डावर तो 1जी पाहिला तेव्हा आनंद झाला, आणि खरं सांगते, पोटात थोडं दुखलंही. म्हणून तू ‘हवा जरा सुधारली की नोकरीला अर्ज करते’ म्हणालीस ना, तेव्हा फोन ठेवावासा वाटला. सुधारत नाही ती! डिसेंबरात नऊच्या सुमाराला उजाडेल आणि साडेचारच्या आत अंधार. तेवढ्यातच काय ते करायचं असतं. अर्जही आणि खिडकीही.

तर सकाळी हीटिंग बंद कर, समोरासमोरच्या दोन खिडक्या सताड उघड, दहा मिनिटं. गारठशील; स्वेटर घाल. कपाट चार बोटं पुढे ओढ. ते काळं कोरड्या ब्रशने खरवडू नकोस, उडतं. ओल्या फडक्याने पूस. डिह्युमिडिफायर परवडत असेल तर जरूर घ्या, कपड्यांच्या खोलीत दार लावून चालवा. तेवढा वेळ तिथली खिडकी बंद, माझ्याकडून एवढीच सूट. घरमालक म्हणतो तुम्हीच कपडे आत वाळवता, ते अर्धं खरं आहे. पण 2019 च्या नियमांनुसार भाड्याच्या घरात राहत्या खोलीत हवा खेळती ठेवायची सोय त्यानेच द्यायची असते. बाथरूमचा पंखा बंद आहे हे तोंडी सांगू नकोस, फोटोसह लिहून कळव. नाहीच ऐकलं तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या पालिकेला, तपासणीला बोलावता येतं.

शनिवारी येते. परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या डोक्यामागे भिंतीवर एक तपकिरी चौकोन दिसला मला. काही बोलले नाही तेव्हा. घरात स्टूल आहे ना? नसेल तर माझं आणते.

काकू