सासूबाईंनी वाळवलेलं मटण ऑस्ट्रेलियाला आणलं तर चालेल का? नीट शिजवलेलं आहे, तरी एवढा बाऊ कशाला?

नाही चालणार. मांसातून लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग इथं येऊ शकतो, म्हणून भारतातून घरचं मटण कुठल्याच रूपात आणू देऊ नका, वाळवलेलं नाही, लोणचं नाही, सुकं नाही. एवढंच लिहून थांबणार होतो पण तुमच्या प्रश्नातला "बाऊ" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. लांबणार आहे.

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, आता ऑस्ट्रेलियात शेपर्टनला दूध पावडरच्या प्लांटमध्ये काम करतो. घरी अकरा गाई होत्या, बहुतेक एचएफ (होल्स्टीन), दोन जर्सी. 2013 साली मी डेअरीच्या डिप्लोमाला होतो. त्या वर्षी कर्नाटकात लाळ्या-खुरकूत जोरात होता, पेपरात रोज यायचं, आणि आमचं गाव सीमेवरच, अलीकडची-पलीकडची जनावरं एकाच बाजारात येतात. अशा वेळी माझे थोरले चुलते, आबा, बाजारातनं एक गाय घेऊन आले. दिसायला झकास, दुसऱ्या वेताची, भाव पण चांगला मिळाला होता. (आता कळतं की भाव का चांगला मिळाला, विकणाऱ्याला ती लवकर घालवायची होती.)

माझे वडील, आण्णा, म्हणाले, आबा, पंधरा-वीस दिवस मळ्यातल्या शेडात बांधूया, तिची बादली वेगळी ठेवू, धार काढायला पण मी एकटाच जातो. आबा म्हणाले, "गाय आणलीय का पावणा आणलाय, वेगळा बसवायला? बाजारात दाखला बघून घेतलीय." संपला विषय. थोरल्या भावापुढं आण्णा कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही बोलले. आणि आमच्या गोठ्याला लस पण नव्हती, कारण लस दिली की दूध तुटतं हे आबांचं ठाम मत, लसीकरणवाले आले की ते परत पाठवायचे.

सहाव्या दिवशी नवी गाय चारा खाईना. सातव्या दिवशी तोंडातनं लाळेच्या तारा. जिभेवर फोड, ते फुटून कातडं सोलून निघालेलं, खुरांच्या बेचक्यात जखमा, एक पाय उचलून दुसऱ्यावर उभी. मग तिच्या शेजारची, मग दावणीतली पुढची, दहा दिवसात अख्खा गोठा. आम्ही पोटॅशच्या पाण्यानं तोंडं धुतली, बोरो-ग्लिसरीन लावलं, मोरचुदाच्या पाण्यानं खुरं धुतली, आई रात्री कंदील घेऊन खुरातल्या अळ्या काढत बसायची. सडांवर पण फोड आलेले, धार काढायला हात लावला की गाय लाथ मारायची आणि तिचा काय दोष. दोन्ही वेळचं मिळून नव्वद लिटर जाणारं दूध वीसवर आलं. वासरांचं सगळ्यात वाईट, तीन कालवडी गेल्या, आजारी पण दिसल्या नव्हत्या, सकाळी जाऊन बघितलं तर गव्हाणीपाशी पडलेल्या. हा रोग लहान वासरांच्या थेट हृदयावर जातो हे मला नंतर शिकताना कळलं. मोठ्या गाई वाचल्या पण वाचल्या म्हणजे काय, चार गाई पुढं उन्हाळाभर कुत्र्यासारख्या धापत राहिल्या, गाभण राहिनात, शेवटी मिळेल त्या भावाला गेल्या. आण्णांनी मळ्यातलं शेड परत कधी वापरलं नाही.

तर बाऊ म्हणजे काय ते मी बघितलंय.

आता तुमच्या "शिजवलेलं आहे" कडे येतो. बरोबर आहे, नीट शिजवलं तर हा विषाणू मरतो. पण विमानतळावर काउंटरवरच्या माणसाला कसं कळणार की तुमच्या सासूबाईंनी किती वेळ शिजवलं? आणि वाळवणं, मीठ लावणं म्हणजे शिजवणं नव्हे, त्यानं हा मरेलच असं नाही. कापल्यावर मांस आंबट होत जातं, त्या आम्लानं स्नायूतला विषाणू मरतो, पण हाडातल्या मज्जेत आणि गाठींमध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) ते आम्ल पोचत नाही, तिथं तो टिकून राहतो. आपल्याकडून म्हशीचं मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तला जातं ना, ते म्हणूनच थंड जागी 24 तास ठेवून, हाडं आणि गाठी काढूनच जातं. म्हणजे हा नियम आपल्या निर्यातदारांना पाठ आहे, फक्त आपल्या पिशवीची वेळ आली की आपल्याला अपमान वाटतो.

माणसाला खाऊन काही होत नाही, धोका उरलेल्या हाडकाचा आहे. 2001 ला इंग्लंडमध्ये एका डुकरं पाळणाऱ्यानं हॉटेलचं उष्टं-खरकटं न उकळता डुकरांना घातलं, त्यात बहुधा बाहेरून चोरून आलेलं मांस होतं. तिथनं हवेनं शेजारच्या मेंढ्यांना, मेंढ्यांमध्ये लक्षणं धड दिसत नाहीत, त्या बाजारात गेल्या, आणि बाजारातनं देशभर. दोन हजार सव्वीस ठिकाणी रोग सापडला, 60 लाखांच्या वर जनावरं मारली, मे मधली निवडणूक जूनवर ढकलावी लागली. तो विषाणू ज्या जातीचा होता ती त्याआधी दहा वर्षं आपल्या आशियातच फिरत होती.

ऑस्ट्रेलियात हा रोग शेवटचा आला 1872 साली. इथं लस पण देत नाहीत, म्हणजे एकाही जनावराच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद नाही, आला तर वणवा. मोठी साथ आली तर दहा वर्षांत 80 अब्ज डॉलरचं नुकसान असा इथला सरकारी अंदाज आहे. 2022 ला इंडोनेशियात साथ आली, बालीपर्यंत पोचली, तेव्हा इथल्या विमानतळांवर इंडोनेशियाहून येणाऱ्यांना सायट्रिक अ‍ॅसिडच्या ओल्या मॅटवरून बूट घासत चालायला लावलं. त्याच जुलैत बालीहून डार्विनला उतरलेल्या एकाच्या बॅगेत न सांगता आणलेले दोन मॅकमफिन आणि एक हॅम क्रॉसाँ निघाला, दंड 2664 डॉलर. 2019 ला सिडनीत एका व्हिएतनामी बाईचा डुकराच्या मांसापायी व्हिसाच रद्द करून परत पाठवलं, तेव्हा भीती आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाची होती.

माझी आई 2023 ला आली. आण्णा 2019 लाच गेले. मी फोनवर दहा वेळा सांगूनही तिनं मटणाच्या लोणच्याची बरणी आणलीच, पण विमानात प्रवाशाचं कार्ड (सोबत काय आणलंय ते सांगायचं) भरताना मी सांगितल्याप्रमाणे सगळीकडे "हो" लिहिलं. गेल्या 30 दिवसांत शेतावर, जनावरांत गेला होता का असाही प्रश्न असतो, तिथंही हो. अधिकाऱ्यानं बरणी काढून घेतली, दंड शून्य, कारण तिनं लपवलं नव्हतं. कांदा-लसूण मसाला उघडून बघितला आणि परत दिला. मग तिच्या चपला मागून घेतल्या, तळव्याला आमच्या गोठ्याची माती होती, ती धुऊन पुसून परत आणून दिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आण्णांनी हे बघायला पाहिजे होतं." बरणीबद्दल एक शब्द नाही.

आणि हे घरच्या ग्रुपवर टाकलं तर चुलतभावानं लिहिलं, गोऱ्यांना आपलं अन्न घाण वाटतं, काकूचा अपमान झाला. दोन वर्षं हा वाद चालूय. त्याला मी सांगितलं की आपल्याही देशात 1898 पासून बाहेरच्या जनावरांच्या आयातीचा कायदा आहे, 2001 ला त्यात मांस-दुधाच्या पदार्थांसाठी सुधारणा झाली, परवानगीशिवाय आपणही येऊ देत नाही. तर म्हणतो ते वेगळं. काय वेगळं? जर्मनीत जानेवारी 2025 ला म्हशींमध्ये रोग सापडला, तिथं 1988 नंतर पहिल्यांदा, मग हंगेरी, स्लोव्हाकिया, आणि एप्रिलमध्ये ब्रिटननं युरोपातल्या गोऱ्यांच्याच बॅगेतलं मांस आणि चीज बंद केलं. रंगाचा काय संबंध?

हां, ते पैशासाठी करतात हे खरंय, इथल्या मांसाची निर्यात एका दिवसात बंद पडेल. पण आमच्या घरात पण दूध म्हणजे पैसाच होता, माझी फी त्यातनंच जायची.

मी जनावरांचा डॉक्टर नाही आणि नियम बदलत असतात, त्यामुळे तूप, मिठाई, मासे, पॅकबंद काही असेल तर निघायच्या आधी बायकॉनवर (इथल्या सरकारची आयात नियमांची साइट) बघून घ्या. सासूबाईंना कार्ड स्वतः वाचून दाखवा, शंका असेल तिथं "हो". मटण इथं मस्त मिळतं, हलाल दुकानात गोटसुद्धा मिळतं, त्यांना फक्त मसाला आणायला सांगा.

एक राहिलं. मागच्या वर्षी आबांनी नवीन म्हैस आणली ती पण थेट गोठ्यात बांधली. आता लस देतात म्हणून घाबरायचं कारण नाही म्हणे, पण नवीन जनावराला लस दिली होती का, कधी दिली होती, हे कुणी विचारलं नाही. चुलतभाऊ इथं वाचतो मला माहितीय. मळ्यातलं शेड रिकामंच आहे, पत्रे मी गेल्या दिवाळीत बदलून घेतलेत, चावी आईकडे आहे.