डॉक्टरांवर हात उचलला तर महाराष्ट्रात कोणता कायदा लागतो? त्याचा काही उपयोग होतो का?

नुसतं डॉक्टरांचं विचारलंत म्हणून लिहायला बसले. दवाखान्यातल्या लोकांवरचे हल्ले आणि तोडफोड रोखायचा २०१० चा महाराष्ट्राचा कायदा एकट्या डॉक्टरांचा नाहीये, नर्स, पॅरामेडिकल स्टाफ, मेडिकल-नर्सिंगचे विद्यार्थी सगळे त्यात येतात. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, दखलपात्र आणि अजामीनपात्र. मला हे पाठ आहे.

मी स्टाफ नर्स. कॅज्युअल्टीत नाइट होती, पेशंट आणला तोच गेलेला, डॉक्टरांनी ईसीजीची सरळ रेघ दाखवली तरी सोबतचे आठ-दहा जण ऐकेनात, इंजेक्शन द्या म्हणून ओरडायला लागले, डॉक्टर फोन लावायला आत गेले आणि समोर मी एकटी. एकाने सलाइनचा स्टँड उचलला, मी हात आडवा घातला, मनगट तिथंच मोडलं. मॉनिटर फोडला. वॉर्डबॉय मामांनी मला ड्रेसिंगरूममध्ये ओढून कडी लावली म्हणून वाचले.

पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली! दखलपात्र गुन्ह्याची एनसी कशी होते? मी बोलले तसं, तर आमचे मोठे सर म्हणाले, सिस्टर, त्यांच्या घरचा माणूस गेलाय, समजून घ्या. दुसऱ्या दिवशी मॉनिटरचे पैसे भरून घेतले आणि प्रकरण मिटवलं. कायद्यात खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई आहे, तीही मागितली नाही, माझ्या प्लास्टरचा तर विषयच निघाला नाही. दुःख मला कळत नाही का? त्या पेशंटचे डोळे मीच मिटले होते.

तर उपयोगाचं म्हणाल तर कायदा कडक आहे, तक्रार द्यायला हॉस्पिटलच पुढं येत नाही. २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर केंद्रानं स्वतःच्या, म्हणजे केंद्र सरकारी हॉस्पिटलांना कळवलं की हल्ला झाला तर ६ तासांत संस्थेतर्फे एफआयआर, आणि जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मी तेव्हा हेच म्हणत होते.

तुमच्यावर वेळ आली तर आधी स्वतःची एमएलसी (पोलीस केससाठी दवाखान्यात होणारी जखमांची नोंद) करून घ्या, अर्जात २०१० च्या कायद्याचं नाव लिहा, एनसीवर सही करू नका. सरकारी दवाखाना असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकराला कामापासून रोखायला हल्ला) पण लावायला सांगा. मी वकील नाही, कलमांचं एकदा विचारून घ्या.

आणि नातेवाईक सगळे तसे नसतात, त्यांच्यातल्याच एका मावशींनी मला नंतर पाणी आणून दिलं, रडत होत्या. माझा राग त्यांच्यावर नाहीच, एनसीवर मिटवणाऱ्या सरांवर आहे.