ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवे स्थानक झाल्यावर ठाणे स्थानकातील गर्दी खरोखर कमी होईल का? त्या भरवशावर जवळपास घर घ्यावे का?

ठाणे स्थानकाच्या पुलांवरची आणि बाहेरच्या रस्त्यांवरची गर्दी कमी होईल; लोकलच्या डब्यातील गर्दी मात्र या स्थानकामुळे हटणार नाही, असे माझे मत आहे.

हे स्थानक ठाणे पश्चिमेला, प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवारातील जागेवर होणार आहे. त्या जागेवरील बांधकामाला न्यायालयाच्या जुन्या आदेशाने मनाई असल्यामुळे प्रकल्प बराच काळ रखडला होता आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश शिथिल केल्यावरच त्याची वाट मोकळी झाली. वागळे इस्टेट आणि घोडबंदर रस्त्याकडून रिक्षाने किंवा बसने रोज ठाणे स्थानक गाठणाऱ्या प्रवाशांपैकी बरेच जण इकडे वळावेत, हा त्यामागचा हेतू असून तो रास्तच आहे, कारण ठाणे स्थानकाभोवतीचे रस्ते आणखी रुंद करण्यास आता जागा उरलेली नाही.

मात्र कोण वळेल आणि कोण वळणार नाही, हे गाड्यांवर ठरेल. मधल्या स्थानकावर धीम्या लोकल थांबतील, जलद नव्हे. त्यामुळे दादर किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जलद गाडीने जाणारा प्रवासी ठाण्यालाच जाईल. वाशी-पनवेलकडे जाणाऱ्यांनाही ठाण्याला यावेच लागेल, कारण ट्रान्स-हार्बर मार्ग तेथूनच सुरू होतो. शिवाय ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या लोकलमध्ये आज बसायला जागा मिळण्याची थोडीफार शक्यता असते, ती पुढच्या स्थानकावर चढणाऱ्यांना मिळणार नाही. जागेसाठी उलट दिशेने जाऊन त्याच गाडीने परत येण्याची मुंबईकरांची सवय पाहता, नव्या स्थानकावरून ठाण्याला जाऊन बसून येणारेही निघतील. कल्याणच्या पलीकडून येणाऱ्या धीम्या लोकलच्या प्रवाशांचा मात्र यात तोटाच आहे: वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यांत प्रत्येक फेरीमागे एक-दीड मिनिट जाते. डब्यातील गर्दी कमी करायची असेल, तर जादा फेऱ्या आणि जादा डबे हाच उपाय आहे, आणि स्थानक बांधल्याने त्यांपैकी काहीही वाढत नाही.

घराबाबत मी सावध राहीन. ट्रान्स-हार्बर मार्गावरील दिघा गाव स्थानक बांधून तयार झाल्यावरही उद्घाटनासाठी ताटकळले आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. जे अजून उभेच राहायचे आहे त्याच्या तारखेवर गृहकर्जाचे हप्ते बेतणे धाडसाचे ठरेल. ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ असे विकासक सांगत असेल, तर ती पाच मिनिटे पायी की वाहनाने, आणि स्थानकाच्या नियोजित प्रवेशद्वारापासून की रुळांच्या जवळच्या टोकापासून मोजली आहेत, हे नकाशा समोर ठेवून विचारावे. घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे घर पाहत असाल, तर वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ चे स्थानक किती अंतरावर आहे, याला मी नव्या रेल्वे स्थानकापेक्षा अधिक महत्त्व देईन. वागळे इस्टेटच्या बाजूला मात्र हे स्थानक खरोखर उपयोगी पडेल. तेथेही, स्थानक आणखी काही वर्षे झाले नाही तरी जे घर परवडेल आणि सोयीचे वाटेल, तेच घ्यावे.