पानशेत धरण पावसामुळेच फुटलं ना? आणि इतक्या लांबचं धरण फुटून पुणे कसं बुडालं?

पाऊस होताच, पण सगळं त्याच्या माथी मारू नका. पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण. १९६१च्या पावसाळ्यात त्याचं काम पुरं झालेलं नव्हतं, पाणी सोडायची मोरी आणि तिची दारंही अर्धवट, तरी त्यात पाणी अडवलं. मोरीच्या वरचा बांध खचायला लागला. जवानांनी ११ जुलैची रात्र वाळूची पोती टाकण्यात घालवली. पण मातीच्या बांधावरून एकदा पाणी वाहायला लागलं की पोती कुठवर पुरणार? १२ जुलैला सकाळी धरण फुटलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मधे खडकवासला होतं, इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण. वरून आलेला लोंढा त्याच्या माथ्यावरून वाहिला आणि दुपारी तेही फुटलं. म्हणजे पुण्यावर एकाच दिवशी दोन धरणांचं पाणी आलं.

माझी आजी तेव्हा नारायण पेठेत राहायची. सकाळी लोक नदीकाठी 'पूर बघायला' गेले होते, ती स्वतःही जाऊन आली. धरण फुटल्याचं तिला शेजारणीकडून कळलं, तेही दुपारी, कुकर चुलीवर असताना. (कुकर हा शब्द तिचाच, ते पितळी डब्यांचं जुनं प्रकरण.) मुठेवरचा लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठचं ओंकारेश्वराचं देऊळ बुडालं. पाणी लवकर ओसरलं, कारण अडवून धरायला मागे काही उरलंच नव्हतं. पण चिखल राहिला. पुढे कित्येक महिने ट्रंकेतली लुगडी झटकली की बारीक माती पडायची, असं ती सांगते.

फारसं बोललं जात नाही ते पुढचं: नळाचं पाणी यायचं खडकवासल्यातून, आणि तेच गेलेलं. पुरात बुडालेल्या शहरात प्यायला पाणी नव्हतं! वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या. आजीच्या वाड्यातल्या विहिरीत आधी चिखल, मग एक पाट, मग कुणाची तरी पितळी कळशी निघाली. ती कळशी कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून ती वाड्यातच सार्वजनिक झाली.

चौकशी आयोगही नेमला गेला. न्या. बावडेकरांचं काम चालू असतानाच निधन झालं, नंतर न्या. नाईक यांनी ते पुढे नेलं. बेघर झालेल्यांची वस्ती गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी झाली. तिथल्या जुन्या घरांत आजही कुणाला विचारा, 'पुरात आलो' हेच उत्तर मिळतं.