मध्यम लहरींसाठी बाहेरचा लूप अँटेना

रेडिओची दुर्बिणीसारखी उघडणारी दांडी पूर्ण लांबवूनही एएम केंद्र स्पष्ट का ऐकू येत नाही, असे आपण विचारले आहे. बहुतेक लहान संचांमध्ये ती दांडी एफएम किंवा लघुलहरींसाठी असते. एएम केंद्रांच्या, सुमारे 530 ते 1700 किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी मात्र आतल्या फेराइट (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) कांडीवर गुंडाळलेले वेटोळे पकडते. म्हणून आधी दांडी नव्हे, संचच सावकाश फिरवून पाहावा.

त्याने भागले नाही, तर तारेचे मोठे वेटोळे आणि बदलता कपॅसिटर (फिरवून वारंवारिता जुळवण्याचा भाग) असलेला लूप अँटेना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो तारेने जोडावाही लागत नाही: संच लूपजवळ, आतली कांडी लूपच्या प्रतलाला काटकोनात येईल असा ठेवून कपॅसिटर हळूहळू फिरवला, की नेमक्या वारंवारितेला आवाज एकदम उठून येतो, कारण लूपमधील ऊर्जा चुंबकीय प्रवर्तनाने कांडीत उतरते. केंद्र बदलले की कपॅसिटर पुन्हा जुळवावा लागतो.

खरखर एलईडी दिव्याची किंवा चार्जरची असेल, तर आधी ती उपकरणे बंद करावीत. नुसता अँप्लिफायर लावल्यास खरखरही तितकीच वाढते.