गेटवेसमोरच्या फायबरच्या होडीला तळाचा रंग कोणता?

२४ फुटी जुनी फायबरची शिडाची होडी घेतलीत, ऑक्टोबर ते मे ती गेटवेसमोर बोयावर राहणार. तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून मारायचा रंग हार्ड, म्हणजे कडक राहणारा, लावू की झिजणारा, आणि जुन्या रंगाचं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

झिजणारा घ्या, म्हणजे ॲब्लेटिव्ह. कारण आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर होडी यार्डात कोरडी उभी राहते आणि हार्ड रंग इतके महिने हवेत राहिला की त्याचा जोर बराच कमी होतो. मी पहिल्या हंगामात महागाचा हार्ड रंग लावला होता. पुढच्या ऑक्टोबरमध्ये होडी तशीच पाण्यात सोडली, आणि नाताळापर्यंत सुकाणूवर बार्नेकलचा, म्हणजे चिकटून बसणाऱ्या टणक शिंपल्यांचा, असा थर बसला की हात फिरवला तर तळवा सोलवटायचा. ॲब्लेटिव्ह साबणाच्या वडीसारखा झिजतो, आतलं ताजं तांबं वर येत राहतं. त्यासाठी पाणी तळावरून वाहायला हवं. ते आपल्याकडे आहेच, उधाणाला पाणी चारेक मीटर चढतं-उतरतं. तरी होडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, मांडव्याची एक फेरी मारून आणा. दर आठवड्याला तळ घासून शर्यतीत उतरणार असाल तरच हार्डचा विचार करा.

आता जुना रंग. ओल्या फडक्याने चोळा. फडक्याला रंग लागला तर तो बहुधा झिजणाराच आहे. सुटे पापुद्रे खरवडून त्यावर नवा बसतो. जुना हार्ड निघाला तर ८० नंबरच्या वॉटर पेपरने खरखरीत करून त्यावर झिजणारा चालतो. उलटं, झिजणाऱ्यावर हार्ड कधीही मारू नका, पोपडे सुटतात. आणि घासायचं ते ओलंच. कोरडी धूळ विषारी असते, ती तुमच्या आणि पोराबाळांच्या छातीत जाते. मास्क, हातमोजे हवेतच. खाली ताडपत्री अंथरा, खरवड गटारात जाऊ देऊ नका.

जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, फोड दिसले तर रंगाची घाई नको. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा टेपने चारी बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर तळ अजून ओला आहे. पूर्ण वाळल्यावरच इपॉक्सीचे चार-पाच हात द्या. शेवटचा हात अंगठा दाबल्यावर ठसा उठेल, पण बोटाला रंग लागणार नाही, अशा टप्प्यावर आला की तळाच्या रंगाचा पहिला हात मारा. ती वेळ हुकली तर सगळं पुन्हा घासावं लागतं.

किती आणायचा? पाणरेषेची लांबी ६ मीटर, रुंदी २.४, डुबाव (पाण्याखालची खोली) १.२ धरला तर ६ × (२.४ + १.२) × ०.७५, म्हणजे साधारण १६ चौरस मीटर. लिटरला १० चौरस मीटर धरून दोन हातांना सव्वातीन लिटर; ४ आणा. उरलेला नाळ, सुकाणू, कीलची (तळाखालच्या उभ्या पात्याची) पुढची कड आणि पाणरेषेवर तिसरा हात म्हणून जातो, रंग तिथेच आधी झिजतो. पहिला हात लाल, वरचा निळा मारा. निळ्यातून लाल डोकावू लागला की पुन्हा रंगवायची वेळ झाली.

डबा मात्र नीट ढवळा. तांबं तळाशी ओल्या मातीसारखं गच्च बसलेलं असतं. काठी तळापर्यंत घालून ते सुटेपर्यंत ढवळलं नाही, तर वरचा अर्धा डबा नुसता पातळ रंग. कामाला पेंटर लावलात तर हे स्वतः उभं राहून करून घ्या.

पाऊस सरल्यावर, सकाळचं दव उडालं की सुरुवात करा. ऑक्टोबरच्या भर उन्हात रंग लगेच सुकून रोलर ओढला जातो, म्हणून सावली करा. झिंकला, म्हणजे बाकीचा धातू गंजू नये म्हणून तळाला लावलेल्या जस्ताच्या तुकड्याला, रंग लावू नका. आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यातला पाय ॲल्युमिनियमचा, त्याला तांब्याचा रंग लागला तर तो सडतो.

होडी ज्यांवर उभी असते त्या टेकूंखालचे चट्टे शेवटी राहतात. ते यार्डवाल्यांकडून एका वेळी एकच टेकू हलवून घेऊन, होडी पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी रंगवा.